१९४३ ची फोर्ड जीपीडब्ल्यू डावीकडे कललीय : पाटे बदलू, की आहेत त्यांनाच कमान देऊ?

सहाव्होल्ट

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण मापं दिल्याशिवाय कुणालाच उत्तर देता येणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

गाडी फोर्डची जीपीडब्ल्यू, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी जीप, १९४३ ची. चॅसीची सगळ्यात पुढची आडवी पट्टी चौकोनी आहे, विलिज कंपनीने बनवलेल्या याच जीपसारखी गोल नळी नाही, आणि बऱ्याच बोल्टांच्या डोक्यावर 'एफ' कोरलेला आहे. त्यामुळे ती फोर्डचीच, यात शंका नाही. बाबांनी ही गाडी तीस वर्षं सांभाळली. इंजिन, गिअरबॉक्स, सहा व्होल्टची वायरिंग सगळं त्यांनी स्वतः केलं आणि मी शेजारी बसून पाने हातात देत शिकले. ते गेले त्याला दोन वर्षं झाली. आता गाडीचं सगळं माझ्याकडे आहे.

गाडी डावीकडे कलते. मला आधी ते डोळ्यांना दिसलं नाही, हाताला कळलं. बॉनेटवर ठेवलेला पाना काम करताना हळूहळू घरंगळत डाव्या मडगार्डकडे यायचा. मग सपाट फरशीवर गाडी उभी करून मापं घेतली. पुढच्या बंपरच्या दोन टोकांच्या उंचीत ३८ मिलीमीटरचा फरक, डावं टोक खाली. मागे चॅसीच्या दोन टोकांत १४ मिलीमीटर, तिथेही डावीच बाजू खाली. मापं घेताना गाडीत कुणी बसलेलं नव्हतं, पेट्रोलची टाकी अर्धी भरलेली होती.

आतापर्यंत केलेलं : चारही टायर (६.००-१६) एका मापाचे आणि एकसारखी हवा भरलेले. डाव्या-उजव्या चाकांची अदलाबदल करून पाहिली, फरक तोच. शॉकअप चारही नवे टाकले, काहीच बदल नाही. पाटे (पोलादी पानं एकावर एक बांधून केलेल्या स्प्रिंगा) पुढे ८ पानांचे, मागे ९ पानांचे, म्हणजे संख्या बरोबर आहे. बाबा आजारी असताना एका गॅरेजमध्ये पुढचा डावा पाटा 'उचलून' घेतला होता, गॅसने तापवून. तेव्हा गाडी सरळ झाली होती, पण सहा महिन्यांत पुन्हा बसली.

आता मला तीन सल्ले मिळालेत. डावीकडे एक जादा पान घाला, किंवा लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चॅसीला जोडणारा हलता दुवा) लावा, किंवा सगळे पाटे फेकून नवा सेट आणा. तिन्हींत मन बसत नाही. ऐंशी वर्षांपूर्वीचे पाटे आहेत आणि ते वाचवता येत असतील तर वाचवायचे आहेत. पण हट्टापायी गाडी धोकादायक करायची नाही. काय करावं?

लांबपल्ला

ताई, माझा अनुभव जीपचा नाही, मालवाहू ट्रकांचा आहे. त्यामुळे तेवढ्यापुरतंच सांगतो. पाटा बसला की आम्ही खालून एक जादा पान देतो. मेन पाट्याला, म्हणजे सगळ्यांत वरच्या मुख्य पानाला, हात लावत नाही. अर्ध्या दिवसाचं काम, गाडी उचलते आणि वर्षानुवर्षं चालते. पान मात्र त्याच रुंदीचं आणि त्याच जाडीचं घ्या, आणि पानं मध्यावर एकत्र धरणारा सेंटर बोल्ट नवा लांब टाका. जुना बोल्ट ओढूनताणून बसवू नका, तो आटे सोडतो आणि ॲक्सल सरकतो.

लांब शॅकल मी कधी लावत नाही. एवढं नक्की सांगतो.

ओळंबा

सहाव्होल्ट, अजून पाटा खोलू नका. मापं छान घेतलीत, पण त्यावरून दोष कुठला हे कळत नाही. पुढचा पाटा बसला तरी मागची बाजू त्याच्यासोबत कलते, आणि मागचा बसला तरी पुढची कलते. चॅसी एकच आहे, ती दोन्हींना बांधून ठेवते.

सोपी चाचणी करा. पुढच्या चाकांना आधी दोन्हीकडून अडणी लावा. मग मागच्या आडव्या पट्टीच्या बरोबर मध्याखाली जॅक लावून मागची चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत गाडी उचला. मध्य डोळ्यांनी ठरवू नका, टेपने मोजून खडूने खूण करा. दोन्ही बाजूंना स्टँड ठेवा, पण चॅसीला टेकवू नका, बोटभर फट राहू द्या. ते फक्त गाडी घसरली तर झेलायला. आता मागून चॅसी एकाच बिंदूवर तोललेली आहे, म्हणजे मागच्या पाट्यांचं डाव्या-उजव्यावर काही चालत नाही. या अवस्थेत पुढचा कल मोजा. मग उलट करा : पुढून मध्यावर उचला आणि मागचा कल मोजा. ज्या टोकाचा कल वाढेल किंवा तसाच राहील तिथे दोष. ज्याचा जवळजवळ नाहीसा होईल ते टोक बिचारं निर्दोष, दुसऱ्याच्या ओढीने कललेलं.

दुसरं म्हणजे या गाडीला थोडं डावीकडे झुकायला जन्मापासून कारण आहे. स्टिअरिंग डावीकडे, चालक डावीकडे, आणि ५७ लिटरची पेट्रोलची टाकी चालकाच्या बुडाखाली. मागे जेरीकॅनही डावीकडेच. उजवीकडे भरपाईला बॅटरी आणि मागे लटकवलेलं जादा चाक, एवढंच. टाकी पूर्ण भरली की चाळीस किलोच्या वर वजन त्या बाजूला जातं. म्हणून मूळ यादीत पुढचा डावा आणि पुढचा उजवा पाटा यांचे भाग-क्रमांक वेगळे आहेत, ते एकमेकांच्या जागी लावायचे नाहीत. गाडी इतक्या हातांतून गेलीय की कुणीतरी कधीतरी अदलाबदल केली असेल, हेही डोक्यात ठेवा. उत्पादनात काही काळ गेल्यावर डाव्या पुढच्या पाट्याला एक छोटी जादा स्प्रिंग जोडायला सुरुवात झाली, ब्रेक मारताना ॲक्सलला बसणारा पीळ सोसण्यासाठी. तुमच्या गाडीला ती आहे का, पाहून सांगा.

लांब शॅकलबद्दल 'लांबपल्ला' यांच्याशी मी सहमत आहे, आणि या गाडीत तर त्याचं कारण आणखी ठोस आहे. जीपच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं, मागचं टोक पक्क्या पिनवर. शॅकल लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक चॅसीपासून खाली जातं आणि सगळा ॲक्सल नाक खाली करून फिरतो. किंगपिनचं, म्हणजे चाक ज्या पिनेभोवती वळतं तिचं, वरचं टोक पुढे येतं. मूळ कॅस्टर, म्हणजे त्या पिनेचा मागे असलेला कल, फक्त ३ अंश आहे. त्यातला अंश-दीड अंश गेला की स्टिअरिंग आपणहून सरळ येणं सोडतं आणि गाडी रस्त्यावर भटकायला लागते. एका बाजूलाच लांब शॅकल लावलं तर दोन चाकांचा कॅस्टर वेगळा करण्यासाठी ॲक्सललाच पीळ बसतो. उंची मिळते, पण स्टिअरिंग जातं. चाळीसच्या वर वेगात ही गाडी भटकू लागली तर चालकाच्या हातात फार काही उरत नाही.

सहाव्होल्ट

ओळंबा, तुमची चाचणी आज केली. मध्य मोजून खूण केली, कारण डोळ्यांनी मी जो मध्य धरला होता तो ११ मिलीमीटरनी चुकला होता.

मागून उचलल्यावर पुढचा कल ३८ वरून ४५ वर गेला. पुढून उचलल्यावर मागचा १४ वरून २ वर आला. म्हणजे दोष पुढेच, आणि मागचे पाटे उलट गाडीला सावरून धरत होते. हे पाहून मला फार हलकं वाटलं. नऊ-नऊ पानांचे दोन पाटे खोलायचे वाचले.

ती जादा स्प्रिंग माझ्या गाडीला आहे, आणि शाबूत आहे.

आणखी एक गोष्ट दिसली. पुढून उचलल्यावर ॲक्सल खाली लोंबला तेव्हा डावं शॅकल पुढे-मागे हललं. उजवं जागचं हललं नाही. पट्टीने ढकलून पाहिलं, हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं, पण ते दगडासारखं घट्ट आहे. ग्रीस निपलमध्ये ग्रीस जातच नाही.

नांगरफाळ

सहाव्होल्टताई, तुमचा अर्धा रोग त्या उजव्या शॅकलमध्ये असणार. शॅकल आवळलं की पाट्याला लांब व्हायला जागा उरत नाही, तो दोन्ही टोकांना बांधलेल्या धनुष्यासारखा ताठ उभा राहतो. उजवी बाजू खरी उंच नाही, ती अडकलेली आहे. तुम्ही इतके दिवस डावी बाजू तिच्याशी ताडून पाहताय. आधी ते सोडवा, मग माप घ्या, आणि त्यानंतरच डाव्या पाट्याला नाव ठेवा.

सोडवताना आट्यांकडे लक्ष. या गाडीचं शॅकल इंग्रजी यू अक्षरासारखं असतं आणि त्याच्या दोन्ही दांड्यांना आटे असतात. बुश आतून शॅकलवर फिरतो आणि बाहेरून चॅसीच्या कानात किंवा पाट्याच्या डोळ्यात (मेन पानाचं टोक वळवून केलेल्या कडीत). चार शॅकल, आठ बुश. त्यांतले सहा सुलट्या आट्यांचे आणि दोन उलट्या. उलटे आटे डाव्या पुढच्या आणि उजव्या मागच्या शॅकलला, खालच्या टोकाला, म्हणजे पाट्याच्या डोळ्याकडे. ओळखायची खूण : अशा शॅकलच्या खालच्या दांड्यावर घडवतानाच ठेवलेला छोटा उंचवटा असतो, बोटाला लागतो. म्हणजे तुमच्या उजव्या पुढच्या शॅकलचे दोन्ही बुश नेहमीच्या दिशेने सुटायला हवेत. डावा पुढचा खालचा मात्र उलटा फिरवायचा. हे न कळल्याने किती बुश तुटले असतील याची गणती नाही.

गंज सोडवणारं तेल लावून एक रात्र ठेवा. लांब नळी घालून झटका देऊ नका. आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित, मग सोडायच्या दिशेने, मग पुन्हा किंचित घट्ट, असं डोलवत काढा. गंजाची भुकटी आट्यांतून बाहेर पडायला वाव मिळाला पाहिजे.

पुन्हा बसवताना सीलं नवी. शॅकल चॅसीला दाबून धरून वरचा बुश अर्धा फिरवा, मग खालचा अर्धा, मग आलटून पालटून. वरच्या बुशचं डोकं चॅसीच्या कानाला टेकेपर्यंत. खालच्याचं डोकं मात्र पाट्याच्या डोळ्यापासून १/३२ इंच, म्हणजे पाऊण मिलीमीटरच्या आसपास, दूर राहू द्या. मग ग्रीस भरा आणि हाताने शॅकल हलवून पाहा. ते हाताने हललं पाहिजे. नाही हललं तर काढून पुन्हा आटे धरा. आवळलेलं शॅकल पाटा मोडतं, आणि मोडतो तो मेन पाटा.

सहाव्होल्ट

दोन दिवस लागले. उजवा वरचा बुश दुसऱ्या रात्रीनंतर सुटला, खालच्याला तिसऱ्यांदा तेल द्यावं लागलं. आट्यांत जे होतं ते ग्रीस नव्हतंच, काळी पडलेली माती होती. वाळून कडक झालेली, नखाने तुकडे पडत होते. आटे मात्र खाली चांगले निघाले. बुश नवे घातले, शॅकल मूळचंच ठेवलं. आता एका बोटाने हलतं.

गाडी जमिनीवर टेकवली, पुढे-मागे थोडी ढकलली, बंपरवर उभी राहून चार-पाच वेळा दाबली आणि मोजलं. ३८ चे २९ झाले. पाटा न काढता नऊ मिलीमीटर!

मग डावीकडे वळले, आणि तिथे जे दिसलं त्याने रात्रभर झोप लागली नाही. डाव्या शॅकलच्या खालच्या टोकावर तो उंचवटा आहे, म्हणजे आटे उलटे. त्यावर कुणीतरी सुलट्या आट्यांचा बुश जोर लावून बसवला होता. आतले आटे पार खरवडून गेलेत. दोन वेढ्यांवर पाट्याचं टोक अडकून होतं. या गाडीत मी घरच्यांना घेऊन घाटातून गेले आहे.

शॅकल आणि बुश दोन्ही बदलायला काढले. पाटाही काढला. वाचणाऱ्या नवख्यांसाठी सांगते : चॅसी स्टँडवर, ॲक्सल वेगळ्या जॅकवर, पाट्यावरचा सगळा भार उतरल्यावरच यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे) सोडायचे. आणि सेंटर बोल्ट सोडण्याआधी दोन्ही बाजूंना दोन मोठे शिकंजे. पानं एकमेकांवर दाबून बसलेली असतात, बोल्ट सुटताच उसळतात.

पानं सुटी करून फरशीवर ओळीने मांडली. आठपैकी तिसरं आणि चौथं परकं निघालं. बाकीची पानं १.७५ इंच रुंद, कडा गोलसर, टोकं एकाच पद्धतीने कापलेली. ही दोन कडेला धारदार आणि जाडीला जवळजवळ एक मिलीमीटर पातळ. म्हणजे संख्या आठच भरली, पण ताकद आठांची नव्हती. मी प्रश्नात मोठ्या विश्वासाने 'संख्या बरोबर आहे' लिहिलं होतं.

मेन पाट्यावर मध्याजवळ वीतभर जागेत निळा-करडा डाग आहे. तो गॅसचाच. कानस लावून पाहिली. टोकांकडे ती घसरते, डागाच्या मध्यावर सरळ चावते. सरळपट्टी लावली तर पाट्याची गोलाई तिथेच मोडलेली दिसते, जसं काही कुणी गुडघ्यावर धरून वाकवलंय. नांगरफाळ, हा पाटा वाचेल का?

नांगरफाळ

कानस चावते म्हणजे तिथलं पाणी, म्हणजे तापवून-विझवून पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलंय. निळ्या रंगाला घाबरू नका. पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसला निळं होतं आणि पाट्याला मुळात त्याच्या कितीतरी वर तापवून नरम केलेलं असतं, त्यामुळे नुसत्या निळ्याने काही बिघडत नाही. बिघडलं ते त्या निळ्याच्या मध्ये, जिथे ज्योत थेट लागली आणि लोखंड लाल झालं, आणि मग हवेत आपोआप निवलं. लाल करून हवेत सोडलेला पाटा म्हणजे साधी पट्टी. वाकवली तर वाकून राहते. सहा महिन्यांत बसला यात नवल नाही.

वाचतो का? आधी तडा शोधा. सेंटर बोल्टच्या भोकाच्या काठांवर आणि डोळा जिथे वळतो तिथे. भोक घासून स्वच्छ करा, पातळ तेल लावा, पुसून घ्या, वर खडूची पूड चोळा आणि तासभर थांबा. तडा असेल तर तेल पाझरून खडूवर केसासारखी रेघ उमटते. रेघ दिसली तर पाटा बाद. त्यावर वेल्डिंग करायचं नाही, कधीही नाही. भोकाशी पडलेला तडा वेल्डने बुजत नाही, शेजारी सरकतो.

तडा नसेल तर पाटा पूर्ण भट्टीतून काढावा लागेल. फक्त डागाची जागा नाही, अख्खं पान. स्प्रिंगचं पोलाद साधारण ८५० अंशांपर्यंत एकसारखं तापवायचं, त्याच तापात साच्यावर कमान द्यायची आणि लगेच तेलात विझवायचं. पाण्यात नको, तडकेल. त्या वेळी ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ असतं. मग ४५० ते ५०० अंशांच्या दरम्यान पुन्हा तापवून नरम करायचं, तेव्हा चिवटपणा येतो. हे काम अंदाजाने करायचं नाही, तापमान दाखवणारी भट्टी ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच द्या. मी ऐरणीवर आयुष्य घालवलंय, रंगावरून ताप ओळखतो, पण तीन फुटांहून लांब पानाला टोकापासून टोकापर्यंत एकच रंग उघड्या भट्टीत मिळत नाही. हे मी माझ्या विद्येचा मान राखूनच सांगतो.

ती दोन परकी पानं टाकून द्या आणि त्याच रुंदी-जाडीच्या स्प्रिंग पोलादाची नवी घडवून घ्या. एकाच भट्टीत तिन्हींना पाणी द्या.

पानांच्या आतल्या गोलाईवर ग्राइंडरचा आडवा ओरखडा राहू देऊ नका. भार आला की ताण तिथे पडतो आणि तडा ओरखड्यातूनच सुरू होतो. पॉलिश करायचं तर लांबीच्या दिशेने.

ओळंबा

नांगरफाळ यांनी जे लिहिलंय त्यात एकच भर. सगळ्या पानांना सारखीच कमान देऊ देऊ नका. ही चूक चांगले कारागीरही करतात, कारण सारखी कमान दिली की पानं एकावर एक सुरेख बसतात आणि काम नीट झाल्यासारखं दिसतं.

पानं सुटी असताना वरचं मेन पान सगळ्यांत कमी वाकलेलं आणि खालचं प्रत्येक पान वरच्यापेक्षा थोडं जास्त वाकलेलं हवं. बोल्ट न घालता एकावर एक ठेवली तर टोकं टेकतात आणि मध्ये फट दिसते. तुमच्याकडे उजवा पाटा मूळचा आहे ना? तो खोला आणि दोन-दोन पानं एकमेकांवर ठेवून प्रत्येक फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून लिहून घ्या. तोच तुमचा नकाशा. सेंटर बोल्ट आवळला की ती फट मिटते, आणि मिटताना मेन पान उलट्या दिशेला थोडं वाकतं. पुढे गाडीचा भार आला की मेन पान आधी ते उलटं वाकणं फेडतं आणि मग ताण घेऊ लागतं. ब्रेकचा, स्टिअरिंगचा, खड्ड्याचा सगळा जोर डोळ्यातून मेन पानालाच सोसायचा असतो, म्हणून त्याच्या वाट्याचं वजन खालच्यांनी आधी उचलायचं, असा हा बंदोबस्त आहे. फट नसेल तर मेन पान डोळ्याजवळ मोडतं.

जादा पानाला मी नको म्हणतो ते याच हिशेबाने. ट्रकवर चार टन भार असतो, तिथे ते शोभतं. ही गाडी रिकामी ११०० किलोची. एक पान वाढवलं की पाटा कडक होतो आणि खड्ड्याचा मार पाट्याऐवजी चॅसी खाते, शॅकलच्या कानांच्या रिव्हेटांपासून सुरुवात करून.

भट्टीतून आल्यावर पाटा पूर्ण जोडा आणि प्रेसखाली तीन-चार वेळा जवळजवळ सपाट होईपर्यंत दाबून सोडा. पहिल्या दाबानंतर तो थोडा बसेल, दुसऱ्यानंतर अगदी थोडा, नंतर थांबेल. जे बसायचं ते गाडीखाली जाण्याआधीच बसून घेऊ दे. म्हणून कमान देतानाच पाच-सात मिलीमीटर जास्तीची धरायला सांगा. बसायचं थांबलं नाही तर पाणी नीट बसलेलं नाही, परत पाठवा.

लांबपल्ला

फटीचं हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे मेन पाटा डोळ्याजवळ मोडतो तो का, याचं उत्तर मिळालं. मी माझा जादा पानाचा सल्ला या गाडीपुरता मागे घेतो.

सहाव्होल्ट

पाच आठवड्यांनी लिहितेय. उशीर झाला, कारण भट्टीच्या रांगेत पान अडकलं होतं.

खडूची चाचणी दोनदा केली, रेघ आली नाही. मेन पान वाचलं. उजव्या पाट्याच्या फटी मोजल्या. वरच्या दोन पानांत २.५ मिलीमीटर, खाली जाताना वाढत शेवटच्या दोनांत ४ च्या जवळ. तो कागद आता बाबांच्या वहीत चिकटवलाय. नवी दोन पानं आणि मेन पान एकाच वेळी भट्टीतून निघालं. मी शेजारी उभी होते. तेलात पान जाताना जो आवाज येतो तो फणकाऱ्याचा नसतो, खोल घशातला असतो, आणि मग धूर.

प्रेसखाली पहिल्या दाबाला पाटा ४ मिलीमीटर बसला, दुसऱ्याला १, तिसऱ्याला माप हललं नाही. चौथ्यांदा दाबला तो फक्त माझ्या समाधानासाठी.

पानांमध्ये रंग लावला नाही, फक्त पातळ ग्रॅफाइट. सेंटर बोल्ट नवा. डाव्या शॅकलला उलट्या आट्यांचा खरा बुश बसवला, १/३२ इंचाची फट फिलर गेजने तपासली. यू-बोल्ट गाडी जमिनीवर आल्यावर, पाट्यावर भार असताना शेवटचे आवळले.

मापं : टाकी अर्धी, गाडी रिकामी, पुढे डावी बाजू ७ मिलीमीटर वर. मी सीटवर बसले आणि भावाने मोजलं तेव्हा १ मिलीमीटर खाली. मागे कल मोजण्याइतका उरलाच नाही. टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत झुकलेली आहेत ते माप) पुन्हा तपासलं, तेही सुटलेलं होतं, अमेरिकी लष्कराच्या मॅन्युअलात (टीएम ९-८०३) दिलेल्या ३/६४ ते ३/३२ इंचांत आणलं. पुढचा ब्रेक होज नव्या उंचीला ताणला जात नाही ना, हे दोन्हीकडे चाक पूर्ण वळवून पाहिलं.

काल ६० किलोमीटर चालवली. स्टिअरिंग वळणानंतर आपणहून सरळ येतं. बाबांच्या काळी ते येत होतं, मग कधीतरी थांबलं, आणि मला वाटत होतं की जीपचं स्टिअरिंग असंच असतं.

बॉनेटवर पाना ठेवला. जागचा हलला नाही.

ओळंबा

फार छान काम केलंत. दोनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळा, नवी पानं एकमेकांवर बसली की ते थोडे सैल पडतात. सेंटर बोल्टच्या नटावर तेव्हाच नजर टाका. आणि चारही शॅकलना दर हजार मैलांना ग्रीस, सीलच्या कडेने ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत. मागची दोन शॅकल अजून तपासलेली नाहीत ना? उजव्या मागच्याला खाली उलटे आटे आहेत, तिथेही आधी कुणी हात घातला असेल.

सहाव्होल्ट

नाही तपासलेली. शनिवारी काढते. तेल आज रात्रीच लावून ठेवते.